इंग्रजी ईडियम, मराठी वाक्प्रचार आणि खानदेशातली पोरं : थोडी पार्श्वभूमी

अमळनेर, चोपडा, शिरपूर, पाचोरा, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत जा, भिंतीवर दोन कागद हमखास चिकटवलेले असतात, एक चालू घडामोडींचा आणि दुसरा ईडियम्सचा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ आणि मधे एक डॅश. स्पिल द बीन्स डॅश गुपित फोडणे, बरी द हॅचेट डॅश वैर मिटवणे, असे दीड-दोनशे. पोरं सकाळी चहा पिऊन आली की आधी त्या कागदासमोर उभी राहून पुटपुटतात. हा कागद इथवर कसा आला ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यातली शेवटची पस्तीसेक वर्षं मी स्वतः बघितलीत, आधी शिकणारा म्हणून आणि मग क्लासमधे शिकवणारा म्हणून, त्यामुळे लिहिताना तोच भाग जास्त येणार.

सुरुवात खरं तर उलट्या बाजूने झाली. १८१८ ला खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८२५ मधे धरणगावला भिल्लांची पलटण उभी राहिली, आणि इथं बदलून आलेल्या साहेबांना आपली भाषा शिकणं भाग पडलं. म्हणजे दुसऱ्याचे वाक्प्रचार कळत नाहीत म्हणून डोकं धरून बसायची पाळी आधी त्यांच्यावर आली, आपल्यावर नंतर. १८३१ साली मुंबईत छापलेला मोठा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची १८५७ ची सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती आजही उघडून बघा, एकेका साध्या शब्दाखाली त्याचे वाक्प्रचार आणि म्हणी दिल्यात आणि पुढे इंग्रजीत त्यांचा अर्थ समजावलाय. नुसता प्रतिशब्द देऊन मोकळं न होता कुठं वापरतात, कुठल्या भावनेनं वापरतात हेही बऱ्याच ठिकाणी सांगितलंय. नंतर त्याच १८५७ साली मुंबईत विद्यापीठ निघालं, मॅट्रिक आली, आणि दिशा फिरली, आता आपण त्यांची भाषा शिकू लागलो, तीही भाषांतर करकरून. आपला तो डॅश या भाषांतराच्या शिकवणीतून आलाय, फक्त कोशात डॅशच्या पुढे जे चार शब्द जास्तीचे होते ते वाटेत गळून पडले.

भुसावळचा विषय इथं काढायलाच हवा. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि खानदेशात इंग्रजी पुस्तकाबाहेर, माणसांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं ते बहुतेक रेल्वेच्या वस्तीत. लाइन क्लिअर आहे का, हे आज आमच्याकडे लग्न जमवतानाही विचारतात. हिरवा कंदील दाखवणे हा तर आता पक्का मराठी वाक्प्रचार झालाय आणि त्यातला कंदील गार्डच्या हातातला आहे. मात्र आउट ऑफ स्टेशनचा रेल्वे स्टेशनशी संबंध नाही, भुसावळच्या माणसाला हे पटवणं जड जातं. कंपनीच्या काळात साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण म्हणजे त्याचं स्टेशन, तो गावाबाहेर गेला की आउट ऑफ स्टेशन. भारतात हा प्रयोग टिकला, बाहेरच्या इंग्रजी माणसाला आता तो पटकन कळत नाही.

हळूहळू बरेचसे ईडियम मराठीत येऊन मराठीच झाले. १८२८ मधे इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या आणि सिंहाचा वाटा आपल्या ओळखीचा झाला (मूळ गोष्टीत सिंह सगळंच घेतो, मोठा भाग नाही, पण आता इंग्रजीतही आणि मराठीतही अर्थ मोठा भाग असाच झालाय). नक्राश्रू, पांढरा हत्ती, हिमनगाचं टोक, एखाद्या विषयावर प्रकाश टाकणे, हे सगळं भाषांतर करणाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी आणलं. खानदेशात हिमनग कुणी बघितलाय, पण शेतकरी मेळाव्यातल्या भाषणात हिमनगाचं टोक येतंच आणि समोर बसलेल्यांना ते कळतं. ईडियम कळायला त्यातली वस्तू बघितलेली असावी लागत नाही, तो पुन्हा पुन्हा योग्य जागी ऐकलेला असावा लागतो, हे या शब्दांनी दाखवून दिलंय.

स्वातंत्र्यानंतर शाळेतलं इंग्रजी कधी आठवीपर्यंत मागे गेलं, मग पाचवीला आलं, १९७५ पासून अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा बोर्ड आला. या सगळ्यात ईडियम्स व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी कोपऱ्यात पडून होते. आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या आसपास, पाचवीला एबीसीडी सुरू व्हायची आणि आठवी-नववीत सर एकदम रेनिंग कॅट्स अँड डॉग्स लिहायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरानं उभं राहून विचारलं होतं, "सर, कुत्रा-मांजर पडतस का?" अख्खा वर्ग हसला आणि सरांनी त्याला खाली बसवलं. मला आज वाटतं की त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. त्याच्या घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि फळ्यावर इंग्रजी. गाइडमधे अर्थ होता मुसळधार पाऊस पडणे, तेव्हा मुसळधार म्हणजे मुसळासारखी धार हेही कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, मग कुत्रा-मांजर काय आणि मुसळ काय, दोन्ही आभाळातून पडत नाहीत हे त्याला लगेच समजलं असतं. ते कुणी सांगितलं नाही.

आता मुख्य गुंता. आपण ज्याला ईडियम म्हणतो त्याला मराठीत काय म्हणायचं?

मराठी व्याकरणात दोन खाती आहेत, म्हण आणि वाक्प्रचार. म्हण म्हणजे अनुभवाचं तयार बोल, नाचता येईना अंगण वाकडं. वाक्प्रचार म्हणजे ज्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नाही आणि ज्याच्या शेवटी शाळेत आपण नेहमी णे लावतो, कंबर कसणे, पोटात कावळे ओरडणे. जुन्या लोकांकडे वाक्संप्रदाय असा तिसरा शब्द होता, १९४२ आणि १९४७ ला दोन भागांत आलेल्या मोठ्या कोशाच्या नावातही तोच आहे, पण शाळेतून तो गेला. इंग्रजीत याउलट चार खाती, ईडियम, फ्रेज, फ्रेजल व्हर्ब आणि प्रॉव्हर्ब. ईडियम हा शब्द ग्रीकमधून आलाय, मुळात अर्थ स्वतःचं, खासगी, म्हणजे त्या त्या भाषेची स्वतःची बोलायची ढब. फ्रेज म्हणजे व्याकरणात नुसता शब्दांचा गट, पण ईडियम्स अँड फ्रेजेस अशी जोडी झाली की त्यात ठरलेला शब्दगट असा अर्थ येतो, आणि लुक आफ्टर, पुट ऑफ यासारखे फ्रेजल व्हर्ब पण त्याच पोत्यात भरले जातात.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमात मराठीसमोर लिहिलंय म्हणी व वाक्प्रचार, इंग्रजीसमोर ईडियम्स अँड फ्रेजेस. दोन्हीकडे दोन-दोन शब्द. बघणाऱ्याला वाटतं पहिल्याला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा, म्हणजे ईडियम बरोबर म्हण आणि फ्रेज बरोबर वाक्प्रचार. ही जोडी चुकीची आहे. म्हणीला इंग्रजीत प्रॉव्हर्ब म्हणतात आणि वाक्प्रचाराच्या सगळ्यात जवळचा ईडियम. पण क्लासच्या नोट्समधे, झेरॉक्समधे, आता पीडीएफमधे ही चूक इतक्या वेळा छापली गेलीय की मी वर्गात दुरुस्त करायला गेलो तर पोरं पुस्तक काढून दाखवतात, सर, इथं तर असं दिलंय.

नुसत्या नावाचा घोळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं, पण त्या णे ने खरं नुकसान होतं. मराठी वाक्प्रचार जवळजवळ सगळे णे वर संपतात म्हणून प्रत्येक इंग्रजी ईडियमचा अर्थही णे लावून द्यायची सवय पडली. किक द बकेट, मरणे, ठीक आहे, तिथं क्रियापद आहेच. पण वन्स इन अ ब्लू मून समोर सर्रास लिहिलेलं असतं क्वचित घडणे. अ पीस ऑफ केक समोर सोपे असणे. इंग्रजीत पहिला क्रियाविशेषणाचं काम करतो, दुसरा नामाचं. पोरानं घडणे पाठ केलं की तो त्याला क्रियापद समजूनच वाक्य करणार. माझ्याकडच्या एका मुलाच्या वहीत होतं, माय अंकल इज वन्स इन अ ब्लू मून. त्याला म्हणायचं होतं की सुरतला राहणारा मामा कधीतरीच येतो. आमच्याकडे निम्म्या घरांचा कुणी ना कुणी सुरतला असतोच, त्यामुळे वाक्य मनापासूनचं होतं, अर्थही पाठ होता, आणि तरी चुकलं, कारण त्याला अर्थ देताना ईडियम वाक्यात कुठं बसतो ते दिलंच नव्हतं. समोर नुसतं कधीतरीच एवढं लिहिलेलं असतं तर त्यानं माय अंकल कम्स वन्स इन अ ब्लू मून बरोबर लिहिलं असतं. तेव्हापासून मी फळ्यावर तिसरा रकाना करतो, हे नाम आहे, क्रिया आहे की कसं-कधी सांगणारं आहे, आणि जिथं क्रियापद नाही तिथं णे लिहू देत नाही. अर्थ लवकर पाठ होत नाही अशी तक्रार येते, ती मला मान्य आहे, पण वाक्य येतं.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यावर खूप भांडण झालं, मराठी मरेल म्हणणारे होते आणि गरिबाच्या पोराला इंग्रजी मिळू द्या म्हणणारेही होते. मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि आहे, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पाचवीपर्यंत थांबायचं म्हणजे शहरातल्या पोरांपेक्षा चार वर्षं मागे राहायचं. कान तयार झाले, गाणी-गोष्टी आल्या, पुढे सेमी इंग्रजीचे वर्गही ठिकठिकाणी निघाले. ईडियमच्या बाबतीत मात्र वरच्या वर्गात तोच रकाना, तोच डॅश राहिला. त्यातल्या त्यात दहावीच्या कृतिपत्रिकेत फ्रेज वापरून अर्थपूर्ण वाक्य तयार करा असं विचारतात ते चांगलं आहे, नुसता अर्थ लिहून सुटका नाही.

पुढचा सगळा जोर स्पर्धा परीक्षांनी आणला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुतेक सगळी पर्यायी प्रश्नांची झाली, स्टाफ सिलेक्शन, बँका, सगळीकडे चार पर्याय आणि एक गोल. ईडियम या पद्धतीला फार सोयीचे, एका ओळीचा प्रश्न, चार अर्थ. म्हणून यादी शंभरची पाचशे झाली आणि पाचशेची हजार. आता मोबाइलवर रोज पाच ईडियम्सचे रील्स येतात. त्यातून उच्चार कानावर पडतो हा मोठा फायदा, आमच्या वेळी हॅचेट कसं म्हणायचं हे सरांनाही नक्की माहीत नव्हतं.

त्याच वाटेनं खोट्या गोष्टी पण आल्यात. कॅट्स अँड डॉग्सची गवती छपराची गोष्ट, छपरात कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून पडायची, ती १९९९ च्या सुमारास ईमेलवर फिरलेल्या एका लांबलचक फॉरवर्डमधे होती आणि आता मराठीत फिरतेय. त्याला कसलाही पुरावा नाही. सतराव्या शतकापासून असे प्रयोग सापडतात आणि १७३८ च्या एका पुस्तकात आजच्या रूपातला आहे, बाकी मूळ कुणालाच सापडलेलं नाही. किक द बकेट १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात छापलेला आहे, त्याबद्दलही फाशीच्या बादलीची गोष्ट ठासून सांगतात, पण जुन्या बोलीत डुक्कर टांगायच्या आडव्या दांड्याला बकेट म्हणत, तो खुलासा जास्त पटण्यासारखा आहे. आणि द होल नाइन यार्ड्स (अर्थ, सगळंच्या सगळं) म्हणजे आपली नऊवारी, हे मी स्वतः एका शिक्षकाच्या तोंडून ऐकलंय. ऐकायला गोड वाटतं, पण हा प्रयोग अमेरिकेतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तिथं १९१२ च्या वर्तमानपत्रात होल सिक्स यार्ड्स असंही सापडतं. आकडाच ठरलेला नव्हता तर नऊवारी कुठून येणार.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुन्हा लेखी स्वरूपाची झालीय, २०२३ लाच होणार होती पण पोरांनी आंदोलन केलं म्हणून पुढे गेली. आता इंग्रजीत निबंध, सारांश हाताने लिहायचे. चार पर्यायांतून गोल काळा करता येणारी पोरं कागदावर ईडियम वापरायला घाबरतात, कारण त्यांनी तो आयुष्यात कधी वापरलेलाच नाही.

म्हणून हल्ली मी उलटं शिकवून बघतोय. कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल सांगायचं तर आधी विचारतो की आपल्याकडे कोण कुठं काय घेऊन गेलं तर लोक वेडा म्हणतील. पहिल्याच दिवशी उत्तर आलं, सावद्याला केळी. न्यूकॅसल हे कित्येक शतकं कोळशाच्या व्यापाराचं गाव होतं एवढं सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही, रावेर-सावद्याहून केळीचे ट्रक भरून जाताना प्रत्येकानं बघितलेत. गेल्या महिन्यात पारोळ्याच्या एका मुलीनं सरावाच्या निबंधात सरळ कॅरिंग बनानाज टू सावदा असं लिहून दिलं. परीक्षेत तपासणाऱ्याला ते कळणार नाही हे मला माहीत आहे. मी ते खोडलं नाही, समासात न्यूकॅसलचं वाक्य लिहिलं आणि वही परत दिली.