इंग्रजीतला 'प्युपिल' आणि आपली डोळ्यातली बाहुली

इंग्रजीत 'प्युपिल' म्हणजे विद्यार्थी आणि 'प्युपिल' म्हणजेच बुबुळाच्या मधोमध दिसणारे काळे छिद्र. दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'पुपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली, आणि 'पुपिला' हे त्याचे लहानपण दाखवणारे रूप. रोमन कायद्यात वडिलांचे छत्र हरपलेल्या, पालकाच्या स्वाधीन असलेल्या मुलीला 'पुपिला' आणि मुलाला 'पुपिलुस' म्हणत. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा आधी त्याचा अर्थ असा पाल्य एवढाच होता आणि गुरूच्या हाताखाली शिकणारा हा अर्थ पुढे रुळला.

डोळ्याशी या शब्दाचे नाते जडले ते एका साध्या निरीक्षणातून. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले की काळ्या वर्तुळात आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्किबियादीस' या संवादात हे निरीक्षण स्पष्ट नोंदवलेले आहे. ग्रीक भाषेतही डोळ्यातल्या या छिद्राला 'कोरे', म्हणजे मुलगी, असेच म्हणतात. संस्कृतमधली 'कनीनिका' मुलीवरूनच आली, हिंदीत 'पुतली' आहे, अरबीत 'डोळ्यातला माणूस' आहे आणि मराठीत तर आपण सरळ 'बाहुली'च म्हणतो. ग्रीकांकडून रोमनांनी कल्पना उचलली असेल, परंतु इतक्या दूरदूरच्या भाषांनी एकच नाव निवडले याचे मोठे कारण मला तरी हेच वाटते, की हे दृश्य कोणालाही, कुठेही आणि कोणत्याही उपकरणावाचून पाहता येते.

प्रत्यक्षात ही प्रतिमा बाहुली तयार करत नाही. बाहुली हे नुसते छिद्र आहे. आत गेलेला बहुतेक प्रकाश डोळ्याच्या आतील थरांत शोषला जातो, म्हणून ते काळे दिसते. आरशाचे काम करते ते त्याच्या पुढचे पारदर्शक पारपटल, म्हणजे कॉर्निया. त्याच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रता-त्रिज्या सुमारे 7.8 मिलिमीटर असते, म्हणजे या बहिर्वक्र आरशाचे नाभीय अंतर साधारण 3.9 मिलिमीटर भरते. 30 सेंटिमीटरवरून पाहणाऱ्याचा 20 सेंटिमीटर उंचीचा चेहरा त्यात जेमतेम अडीच मिलिमीटरचा आणि सुलटा दिसतो. पारपटल फारच थोडा प्रकाश परावर्तित करते. तरीही ही फिकट प्रतिमा उठून दिसते, ती मागच्या काळ्या पार्श्वभूमीमुळे.

नागपूरकरांना याचा पडताळा सहज घेता येईल. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना भर दुपारच्या लख्ख उजेडात बाहुली आकसून सुमारे 2 मिलिमीटरची होते आणि चेहरा तिच्यात मावत नाही. तोच डोळा घराच्या ओसरीत, सावलीत पाहिला तर बाहुली 4 मिलिमीटरपर्यंत रुंदावलेली असते आणि आपला अख्खा चेहरा त्या काळ्या वर्तुळात बसतो. आकसण्याचे आणि रुंदावण्याचे काम बुबुळातले दोन स्नायू करतात: एक छिद्राभोवती कड्यासारखा, दुसरा आऱ्यांसारखा बाहेर पसरलेला. डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासण्यापूर्वी जे थेंब टाकतात, ते यातल्या कड्यासारख्या स्नायूला काही तास सैल ठेवतात, आणि त्यामुळेच तपासणीनंतर उन्हात निघताना गॉगल जवळ असलेला बरा.