मेणवलीचा वाडा: सहलीच्या ठिकाणामागचा इतिहास

सातारा जिल्ह्यात रविवारच्या सहलीचा एक ठरलेला मार्ग आहे. सकाळी वाईच्या ढोल्या गणपतीचे दर्शन, तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, मग धोमचे नृसिंह मंदिर, आणि वेळ उरलाच तर पसरणी घाट चढून पाचगणी. यातल्या मेणवलीला सहसा तासभरच वाट्याला येतो. मुले घंटा पाहतात, आजी घाटाच्या वरच्या पायरीवर टेकते, पायऱ्यांवर डबे उघडले जातात आणि वाड्यातून एक फेरी होते. तेवढ्या तासात जे नजरेसमोरून जाते त्यामागे अडीचशे वर्षांची हकिगत आहे आणि तिचा मोठा भाग खुद्द नानांच्या मृत्यूनंतरचा आहे.

नाना, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा. भानू घराणे मूळचे कोकणातल्या श्रीवर्धनजवळच्या वेळासचे. बाळाजी विश्वनाथांबरोबर ते घाटावर आले आणि फडणिशी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे काम, त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत राहिली. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये गेले आणि कोवळ्या वयातच हे पद नानांकडे आले. पानिपतच्या मोहिमेत ते आई आणि पत्नीसह गेले होते. पत्नी बचावली, आई मात्र त्या धामधुमीत कायमची दुरावली. याच फडणिसाला १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव इनाम दिले. नानांना कारभारात पुढे आणणारे बारभाईंचे कारस्थान अजून सहा वर्षे पुढे होते, इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह चौदा वर्षे पुढे. मेणवली ही सर्वसत्ताधीश कारभाऱ्याने ऐन बहरात घडवलेली हौस आहे असा सर्रास समज असतो, पण ज्याला हे गाव मिळाले तो पंचविशीतला, अजून पहिल्या रांगेत न आलेला मुत्सद्दी होता.

गाव इनाम मिळाले म्हणजे गावाच्या वसुलाचा हक्क मिळाला. वाडा, देऊळ आणि घाट उभारणे हे इनामदाराने स्वतः करायचे काम. वाईच्या परिसरात तसा पायंडा पडलेलाच होता. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी वाईत घाट आणि देवळे बांधली होती. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये उभारलेले. कृष्णेच्या उगमाजवळचे हे खोरे तीर्थक्षेत्र म्हणून मान्यता पावलेले, पाण्याने समृद्ध, छत्रपतींच्या राजधानीला जवळ आणि पुण्यापासून फार दूरही नाही. पुण्यात नानांचा वाडा शनिवारवाड्याजवळ होता, पण तो दरबाराच्या सावलीतला. मेणवलीचा वाडा नदीकाठचा, स्वतःच्या गावातला होता आणि तो वेगळ्या मनाने बांधलेला दिसतो.

वाडा, देऊळ आणि घाट या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार हे मेणवलीचे खरे वैशिष्ट्य आहे आणि घाईच्या फेरीत नेमके तेच निसटते. बरेच लोक वाडा पाहतात आणि मग घाट पाहतात, जणू ती दोन ठिकाणे आहेत. वाड्यात सहा चौक असून जाड भिंती, सागवानी खांब, माडी आणि काही दालनांत भित्तिचित्रे आहेत. बाहेरच्या चौकात कामकाज, आतल्या चौकांत घरचा वावर, अशी ही मांडणी त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या वाड्याची. मात्र मागच्या बाजूने बाहेर पडले की थेट देवळांच्या आवारात आणि तिथून चंद्रकोरीसारख्या वळणाच्या घाटावर उतरता येते. स्नान, पूजा आणि कारभार हा दिवसाचा क्रम जणू दगडविटांत बांधून काढला आहे. देवळे दोन, मेणेश्वराचे शिवालय आणि विष्णूचे मंदिर. पुण्यातल्या बेलबागेतही नानांनी विष्णूचेच मंदिर बांधले, हे लक्षात घेतले तर इथल्या दुसऱ्या देवळाचा उलगडा होतो.

मुलांना सर्वाधिक आवडणारी घंटा या आवारात नंतर आलेली पाहुणी आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आणल्या आणि त्या निरनिराळ्या देवळांना दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली आणि भीमाशंकरची घंटा त्यातल्याच. मेणवलीच्या घंटेचे वजन साडेसहाशे किलोच्या घरात सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे लढाई एका पिढीने जिंकली आणि घंटा इथे टांगली ती पुढच्या पिढीने. मेरीची आकृती कोणी खरवडून काढली नाही, हेही मुलांना आवर्जून दाखवावे असे आहे.

नानांना स्वतःला हा वाडा फारसा उपभोगता आला नाही. १७७४ नंतर पुण्याचा कारभार त्यांच्या खांद्यावर पडला तो जवळजवळ अखेरपर्यंत. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा जो गोंधळ माजला, त्यात १७९६ मध्ये नाना पुणे सोडून साताऱ्याकडे, तिथून वाईला आणि पुढे घाट उतरून महाडला गेले; त्या वेळी हे खोरे त्यांच्या आसऱ्याचे ठिकाण ठरले. पुढे दौलतराव शिंद्यांच्या कैदेतून सुटून ते पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

मागे राहिलेल्या त्यांच्या अखेरच्या पत्नी जिऊबाई तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मेणवली टिकली ती या मुलीमुळे, असे माझे मत आहे आणि वाड्यात तिची आठवण नानांच्या पलंगाइतकीही काढली जात नाही. नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता. जिऊबाईंना काही काळ नानांच्या विश्वासू माणसांच्या ताब्यातल्या लोहगडावर काढावा लागला. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या मध्यस्थीने त्यांना संरक्षणाची हमी आणि सालीना बारा हजार रुपयांचे नेमणूकपत्र मिळाले व त्या पनवेलला राहू लागल्या. पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीला परतल्या, दत्तक घेतला आणि १८५४ मध्ये वारल्या. ज्याच्या नावाने वाडा ओळखला जातो त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे वाड्याची मालकीण म्हणून त्यांनी तो राखला. पुण्यातल्या सत्तेच्या वास्तूंचे काय झाले ते पाहिले की याचे मोल कळते: शनिवारवाडा १८२८ च्या आगीत खाक झाला, विश्रामबागवाड्याचा बराच भाग १८७९ मध्ये जळाला. मेणवलीत चूल पेटत राहिली, छप्पर शाकारले जात राहिले, म्हणून चौक उभे आहेत.

वाड्यात आणखी एक ठेवा होता, तो म्हणजे नानांच्या मोडी कागदपत्रांचे दप्तर. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती ते आले आणि मराठेशाहीच्या उत्तरार्धाचा अभ्यास करणाऱ्यांना ‘मेणवली दप्तर’ हे नाव परिचयाचे झाले. पारसनिसांच्या संग्रहासाठी साताऱ्यात १९२५ मध्ये संग्रहालय झाले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. रिकामी दालने पाहून ‘इथे काहीच नाही’ असे म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवे की इथला सर्वांत मौल्यवान ऐवज पुण्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे संपली. गावाचा वसूल ज्या वास्तूच्या देखभालीला पुरत असे ती आता केवळ एका कुटुंबाची खासगी मिळकत उरली, आणि एवढ्या आकाराच्या लाकूडकामाची डागडुजी घरगुती उत्पन्नातून करणे किती अवघड असते हे वाडे असलेल्या कोणत्याही वाईकराला विचारावे. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यावर घाटाजवळचे पाणी पावसाबरोबरच धरणातून सुटणाऱ्या विसर्गावरही अवलंबून राहू लागले, त्यामुळे पावसाळ्यात खालच्या पायऱ्यांवर मुलांना सोडू नये. पुढे हिंदी आणि मराठी चित्रपटांची चित्रीकरणे इथे होऊ लागली आणि सहलीच्या मार्गात मेणवली पक्की झाली ती बरीचशी त्यामुळे. आज अनेक कुटुंबे पडद्यावर पाहिलेला घाट ओळखायला येतात आणि नाना फडणवीसांची गाठ त्यांना दारावरच्या पाटीवर पडते. वाडा अजूनही फडणवीस घराण्याचाच आहे. आतली काही दालने बंद असतात ती त्यामुळे.