भुकेल्या बेटाचं ताट : 'मेडिटरेनियन डाएट' आला कुठून?

हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे गेलं की हल्ली 'मेडिटरेनियन डाएट', म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा आहार, हे शब्द कानावर पडतातच. त्यामागोमाग घरात ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली येते, चार दिवस सॅलडवर शिंपडली जाते आणि मग फोडणीला पुन्हा शेंगदाण्याचं तेल लागतं. या आहाराची कुळकथा जिथे सुरू होते, त्या बेटावरच्या लोकांना मात्र आपलं जेवण फारसं आवडत नव्हतं.

ते बेट म्हणजे ग्रीसचं क्रीट. महायुद्ध आणि जर्मनांचा ताबा या दोन्हींतून ते नुकतंच बाहेर पडलं होतं. बेटाची हलाखी कशी दूर करावी हे सांगा, म्हणून ग्रीक सरकारने 1948 मध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनला पाचारण केलं. लेलंड ऑलबॉ या अभ्यासकाच्या चमूने घरोघर फिरून शेती, कमाई, पाणी, आजार आणि चुलीवर काय शिजतं, हे सगळं नोंदवून घेतलं. 1953 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पाहुण्यांना कुपोषण सापडेल असं वाटलं होतं, पण लोक बऱ्यापैकी धडधाकट निघाले.

त्यांच्या ताटात काय होतं? बार्लीचे दगडासारखे कडक टोस्ट, खायच्या आधी पाण्यात भिजवून मऊ केलेले. मसूर, वाल, हरभरे. बटाटे, टोमॅटो, कांदा, लसूण, अंजीर, द्राक्षं. डोंगरातल्या गोगलगायी, कधीमधी मासे, शेळीचं चीज. प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा एकूण उष्मांकांतला वाटा जेमतेम 7 टक्के. आणि ऑलिव्हचं तेल इतकं, की जेवण तेलात पोहतं आहे असं पाहणी करणाऱ्यांना वाटलं. कमी तेल म्हणजे निरोगी, हे आपल्याकडचं समीकरण या बेटाला लागू नव्हतं. एकूण उष्मांकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्निग्ध पदार्थांतून यायचे.

सगळ्यात महत्त्वाची होती 'होर्टा', म्हणजे रानात, बांधावर आपोआप उगवणारा पाला. बायका तो खुडून आणायच्या, उकडायच्या आणि वर तेल-लिंबू घालायच्या. त्यात 'ग्लिस्त्रिदा' नावाची एक मांसल पानांची भाजी असते. ही म्हणजे आपली घोळ. शेतातून उपटून बांधावर फेकतात किंवा बेसन लावून खातात ती. 1980च्या दशकात अमेरिकेत तपासलं, तेव्हा या घोळीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 कुळातला स्निग्ध घटक, पालेभाज्यांत सहसा आढळत नाही इतक्या प्रमाणात सापडलं. ऑलिव्ह तेलाची बाटली आपल्याकडे पोचली. बांधावरची घोळही त्याच ताटात होती हे कोणी सांगितलं नाही.

ऑलबॉच्या माणसांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : तुमचं हे जेवण तुम्हाला पुरेसं वाटतं का? सहांपैकी एकाच कुटुंबाने हो म्हटलं. आम्ही बहुतेक वेळ भुकेलेलेच असतो, असं एका घराने सांगितलं. आवडीचं काय, तर 72 टक्के कुटुंबांनी मांसाचं नाव घेतलं. पुढे जगभर औषध म्हणून गेलेलं ताट त्या लोकांच्या दृष्टीने नाइलाज होता. ही नोंद त्या पुस्तकात असूनही पुढच्या गौरवगाथांत क्वचितच दिसते.

आता अ‍ॅन्सेल कीज. मिनेसोटा विद्यापीठातले हे शरीरशास्त्रज्ञ. युद्धात अमेरिकी सैनिकांना मिळणाऱ्या 'के-रेशन'च्या घडणीत त्यांचा हात होता. युद्धाच्या अखेरीस त्यांनी 36 स्वयंसेवकांना महिनोन्महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासला. युद्धानंतर त्यांच्यापुढे वेगळंच कोडं होतं : अमेरिकेतले खाऊनपिऊन सुखी, कर्ते पुरुष पन्नाशीतच हृदयविकाराच्या झटक्याने का जातात? 1951 मध्ये रोमच्या एका बैठकीत नेपल्सच्या एका प्राध्यापकाने त्यांना सांगितलं, की आमच्या शहरातल्या कामगारांत हा आजार दिसतच नाही. कीज आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट, ज्या स्वतः रक्त तपासणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञ होत्या, उपकरणं घेऊन नेपल्सला गेले. कामगारांचं कोलेस्टेरॉल कमी निघालं, आणि मांस-लोणी परवडणाऱ्या श्रीमंतांचं जास्त.

इथे समाजमाध्यमांवर नेहमी होणारी एक गल्लत सोडवायला हवी. कीजने 22 देशांची आकडेवारी हाताशी असून सोयीचे सात निवडले, असं ठामपणे लिहिलं जातं. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1953 मध्ये त्यांनी सहा देशांचा एक आलेख छापला : आहारातली चरबी एका बाजूला, हृदयविकाराचे मृत्यू दुसऱ्या बाजूला. त्यावर जेकब येरुशाल्मी आणि हर्मन हिलेबो यांनी 1957 मध्ये 22 देश घेऊन दाखवलं, की संबंध इतका सरळ नाही. टीका रास्त होती. मात्र 'सात देशांचा अभ्यास' त्यानंतर, 1958 पासून सुरू झाला आणि तो सरकारी कागदांवरचा नव्हे, प्रत्यक्ष माणसांचा होता. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान इथल्या 40 ते 59 वयाच्या 12,763 पुरुषांची तपासणी करून वर्षानुवर्षं कोण कशाने गेलं याची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत. देश नमुन्यादाखल सरसकट निवडलेले नव्हते, जिथे ओळखीचे उत्साही डॉक्टर होते तिथे काम झालं, आणि बायकांना त्यात जागाच नव्हती. दोष काढायचेच तर हे काढावेत.

क्रीटमधले 686 पुरुष या यादीत आले 1960 मध्ये. पुढच्या वर्षांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यांत कमी त्यांच्यातच निघालं, आणि सगळ्यांत जास्त पूर्व फिनलंडच्या लाकूडतोड्या-शेतकऱ्यांत. दोघंही अंगमेहनतीचे, दोघंही स्निग्ध खाणारे. पण एकीकडे ऑलिव्ह तेल, दुसरीकडे लोणी आणि सायीचं दूध. फिनलंडने यातून धडा घेत 1972 मध्ये नॉर्थ कॅरेलिया प्रांतात मोठी मोहीम उभारली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

क्रीटच्या आकड्यांत मात्र एक गाठ आहे. मृत्यू 686 जणांचे मोजले तरी नेमकं काय खाल्लं जातं हे तोलून पाहिलं ते अवघ्या तीसेक घरांत, आणि त्यातली एक पाहणी 'लेंट'च्या दिवसांत झाली. ईस्टरआधीचा हा उपवासाचा काळ. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत वर्षाचे जवळपास 180 दिवस उपवासाचे, म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. आपल्या 'एकादशी दुप्पट खाशी'सारखा साबुदाणा-बटाट्याचा बेत तिथे नसतो. कडधान्यं, भाज्या, पाव आणि ऑलिव्ह एवढ्यावर भागवायचं. 2005 मध्ये क्रीटच्याच संशोधकांनी हे पुढे आणलं : त्या पुरुषांतले सुमारे 60 टक्के लेंटचे चाळीस दिवस पाळत होते. मग आयुष्य वाढवलं कशाने, तेलाने की उपासांनी? की डोंगर चढून शेळ्यांमागे फिरण्याने? हे धागे सुटे करता येत नाहीत, आणि ते केले असा आव आणणाऱ्यांपासून मी तरी चार हात लांब राहते.

नुसत्या निरीक्षणावर थांबायचं नाही म्हणून फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉक्टरांनी 1988 पासून प्रयोग केला. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या 605 रुग्णांपैकी निम्म्यांना क्रीटच्या धर्तीवर जेवायला सांगितलं. गंमत अशी, की लोण्यावर वाढलेले हे फ्रेंच लोक सगळीकडे ऑलिव्ह तेल वापरायला तयार होईनात. तेव्हा त्यांच्यासाठी अल्फा-लिनोलेनिक आम्ल असलेलं, कॅनोला तेलाचं खास मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी पावाला लावायचं वनस्पती तेलाचं लोणी, बनवून घेण्यात आलं. म्हणजे घोळीतला घटक डब्यात भरून दिला. 1994 मध्ये निकाल आला : सरासरी 27 महिन्यांत नेहमीच्या आहाराच्या गटात 20 मृत्यू, नव्या आहाराच्या गटात 8. आकडे लहान आहेत, पण कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत सारखंच राहूनही फरक पडला, हे 'चरबीने कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यातून हृदयविकार' या कीजच्या मूळ सिद्धान्ताला जरा अडचणीचंच होतं.

ग्रीसमध्ये अँटोनिया ट्रिकोपोलू यांनी वेगळा रस्ता धरला. एकेका पदार्थामागे न लागता त्यांनी अख्ख्या जेवणाला गुण द्यायची पट्टी काढली : भाज्या, कडधान्यं, फळं, धान्य, मासे भरपूर असतील तर गुण, मांस-दूध कमी असेल तर गुण, दारू बेताची असेल तर गुण. 2003 मध्ये 22,043 ग्रीक प्रौढांवरचा निष्कर्ष असा, की पट्टीवर दोन गुण वाढले की मृत्यूचा धोका सुमारे 25 टक्के कमी. पदार्थ सुटे करून पाहिले, तर बहुतेकांचा परिणाम ठळक दिसेना. मला या साऱ्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ताटातून एक वाटी उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवली, तर ती तिथे तेच काम करेल असं नाही.

स्पेनचा 'प्रेडिमेड' हा याच आहाराचा 7,447 जणांवरचा प्रयोग 2013 मध्ये गाजला, 2018 मध्ये मागे घेतला गेला आणि सुधारून पुन्हा छापला गेला. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायला हवं होतं, पण काही घरांत नवरा-बायकोला तसं न करता एकाच गटात घातलं होतं, एका ठिकाणी तर दवाखानेच्या दवाखाने एका गटात टाकले होते. दुरुस्तीनंतरही झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून धोका सुमारे 30 टक्के कमी हा निष्कर्ष टिकला. एकूण मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. भारतातही मुरादाबादला हजार रुग्णांवर 'इंडो-मेडिटरेनियन' आहाराचा प्रयोग झाल्याचं 2002 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं आणि 2005 मध्ये त्याच नियतकालिकाने त्याबद्दल साशंकता जाहीर केली. आपल्याकडच्या लेखांत तो अजून बिनधास्त उद्धृत होतो.

या दरम्यान बाजारही जागा झाला होता. 1993 मध्ये हार्वर्डच्या सहभागाने कोणता पदार्थ किती खावा हे दाखवणारं 'मेडिटरेनियन पिरॅमिड'चं चित्र निघालं. त्या काळातल्या परिषदांना ऑलिव्ह तेल उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पैसा होता. चित्रात गोगलगाय नाही, उपवास नाही.

क्रीटच्या लोकांना हवं असलेलं मांस यथावकाश मिळालं. पर्यटन आलं, पैसा आला, गाड्या आल्या. लहान मुलांतल्या लठ्ठपणात ग्रीस आज युरोपात वरच्या रांगेत आहे.

2010 मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीचा अमूर्त वारसा ठरवलं. त्यासाठी प्रातिनिधिक म्हणून चार ठिकाणं निवडली : इटलीतला चिलेंतो, जिथे कीज निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं राहिले, ग्रीसमधलं कोरोनी, मोरोक्कोतलं शेफशाउएन, आणि स्पेनमधलं सोरिया, जे समुद्रापासून दूर, आतल्या पठारावर आहे आणि लोण्यासाठी प्रसिद्ध आहे. 2013 मध्ये यादी वाढली, तेव्हा भूमध्य समुद्राला किनाराच नसलेल्या पोर्तुगालचं एक गावही त्यात आलं. क्रीट त्या यादीत नाही.