ती फुग्यासारखी फुटली का नाही?

गेल्या रविवारी आमच्या रामबागेतल्या घरी पोहे गार झाले. पुतण्या आणि त्याची दोस्तमंडळी रात्रभर जागून एका विज्ञानमालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग पाहून आली होती, आणि आल्या आल्या भांडण. शेवटच्या दृश्यात नायिका हेल्मेट न घालता एका यानातून उडी मारते, मधली पोकळी ओलांडते आणि दुसऱ्या यानाचं दार उघडते. उडीआधी छाती भरून श्वास घेते. बास, एवढंच. पण त्यावरून तीन तट पडले होते. "भिया, ती फुग्यासारखी फुटायला हवी होती," एक जण म्हणाला. दुसरा म्हणे, फुटेल कशाला, क्षणात बर्फ होईल. तिसऱ्याच्या मते तिचं रक्त उकळायला हवं होतं आणि लेखकांनी अख्ख्या सीझनची माती केली.

पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसासमोर हे बोलू नये. तिघेही चुकले होते. मालिकावालेही चुकले होते, पण भलत्याच जागी.

बर्फाचं आधी उरकतो. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते, आणि तीच चहा गरम ठेवते. उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसेल तर अंग गार पडणार कसं? प्रारणाने, म्हणजे अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी पडतं, पण सावकाश. डोळे आणि जीभ या ओल्या जागा मात्र लवकर गारठतात, ज्या कारणाने माठ गारठतो त्याच कारणाने. थर्मासची पोकळी तशी किरकोळच. अस्सल पोकळी आपल्या इंदुरातच आहे: राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ यंत्राची सुमारे १७२ मीटर घेराची कडी, जिच्यात इलेक्ट्रॉन फिरत राहतात. तिच्यातला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाइतका असतो. अवकाशस्थानकाबाहेरची पोकळी काही याहून फार भारी नाही.

फुटण्याचंही तसंच. कातडी आपण समजतो त्यापेक्षा चिवट असते. १९६० साली जोसेफ किटिंजर हा अमेरिकी वैमानिक बलूनमधून ३१ किलोमीटर वर गेला आणि वाटेतच त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला. हात सुजून जवळजवळ दुप्पट झाला. खाली उतरल्यावर काही तासांत जसाच्या तसा!

आता उकळणं. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेतलं वाक्य अर्धंच आहे. वरचा दाब जितका कमी, तितकं ते लवकर उकळतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे ते ९८ च्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून १२० पर्यंत थांबतं. वर वर गेलात तर सुमारे १९ किलोमीटरवर पाणी ३७ अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरच उकळू लागतं. या उंचीला आर्मस्ट्राँग रेषा म्हणतात. चंद्रावरचा आर्मस्ट्राँग नव्हे. हे हॅरी आर्मस्ट्राँग, अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर. तिथला हवेचा दाब पाऱ्याच्या ४७ मिलिमीटरइतका. आता तुमचा बीपीचा कागद काढा. खालचा आकडा ८०, तोही मिलिमीटर पाराच, आणि तो बाहेरच्या दाबाच्या वर मोजलेला असतो. म्हणजे बाहेर शून्य असलं तरी धमनीतल्या रक्तावर तिच्या भिंतींचा ८० चा दाब आहेच. ८० हे ४७ हून जास्त, म्हणून ते उकळत नाही. शिरांमध्ये आणि मऊ मांसात मात्र वाफ धरते, अंग सुजतं. थुंकी तर उकळतेच, कारण तिच्यावर झाकण नाही. १९६६ साली ह्यूस्टनला निर्वात खोलीत पोशाखाची चाचणी चालू असताना जिम लब्लांक या तंत्रज्ञाची दाबाची नळी निसटली. शुद्ध जाण्याआधीची त्याची शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ बुडबुडत होती. तो वाचला. शुद्ध टिकली होती ती साधारण १४ सेकंद.

चौदाच का? पोहणारी पोरं मिनिटभर सहज बुडी मारतात. इथेच मला पोह्यांचा विसर पडला.

फुप्फुसातल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, साधारण १०० मिलिमीटर असतो. शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात तो ४० उरलेला असतो. ऑक्सिजन जास्तीकडून कमीकडे जातो, १०० कडून ४० कडे. फुप्फुस त्याला 'ओढून' रक्तात घालत नाही. ती नुसती उतारावरची वाट आहे. बुडी मारली तरी छातीत हवा असते, उतार कायम राहतो. पोकळीत छातीतली हवा निघून जाते, वायुकोशात ऑक्सिजन जवळजवळ शून्य, आणि रक्तात अजून ४०. उतार उलटा! नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या वेळी शेजाऱ्याने लाइनला मोटर लावली की आपला नळ पाणी द्यायचं सोडून हवा ओढू लागतो, तसंच. रक्त फुप्फुसात जातं आणि आलं त्याहून रितं होऊन बाहेर पडतं. हे रितं रक्त मेंदूपर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. मेंदूजवळ साठा जेमतेम काही सेकंदांचा. झाले चौदा.

म्हणून श्वास रोखून उपयोग नाही, उलट घातच. बाहेर दाब नसताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस आतून फाटतं. त्याच सकाळी शेजारचे एक काका डोकावले होते, ते म्हणाले की सिद्ध योगी कुंभक लावून अवकाशात तासभर बसेल. काका, कुंभक लावणाराच सगळ्यात आधी जाईल. प्राणायाम जमिनीवर करावा. सूर्यातून ॐ चा आवाज येतो, असा मेसेजही हेच पाठवतात. वाटेत हवा नाही, मग आवाज चालत येतो का?

१९७१ साली सोयूझ-११ हे सोव्हिएत अवकाशयान परतताना १६८ किलोमीटर उंचीवर एक झडप अवेळी उघडली. आतल्या तिघांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते. झडप हाताने बंद करता येत होती, पण तिला लागणारा वेळ शुद्धीच्या वेळेपेक्षा जास्त होता. तिघेही गेले. त्यानंतर सोयूझमध्ये चढता-उतरताना पोशाख सक्तीचा झाला आणि जागा करायला माणसं तीनाची दोन झाली.

मग आम्ही ते दृश्य पुन्हा लावून मोबाइलवर वेळ मोजली. उडीपासून दारापर्यंत २६ सेकंद, आणि बाई शेवटपर्यंत शुद्धीवर, वर दाराचा सांकेतिक आकडाही बिनचूक दाबते. आधी घेतलेल्या त्या दीर्घ श्वासाबद्दल तर बोलायलाच नको.

"मग कसं दाखवायला हवं होतं, काका?" पोरांनी मला विचारलं.

तोंड उघडं ठेवून सगळा श्वास सोडायचा, उडी मारायची, बाराव्या सेकंदाला मान टाकायची. तरीही आशा उरते: कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दीड मिनिटापर्यंत पोकळीत राहिलेली जनावरं हवा मिळाल्यावर सावरली होती. फक्त दार आतल्या माणसाने उघडायला हवं.

"आतला माणूस चौथ्या भागातच मेला," पुतण्या म्हणाला.