गॅमा जनुक गप्प कसे होते?

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी गेल्या महिन्यात मला भेटायला आली. तिला एपिजेनेटिक्समध्ये, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुके चालू-बंद कशी होतात या विषयात, पीएच.डी. करायची आहे. ‘पण सर, त्यासाठी सेल सिग्नलिंग कशाला शिकायचे? तो तर वेगळा विषय आहे,’ असे तिने विचारले. सेल सिग्नलिंग म्हणजे पेशींना बाहेरून मिळणाऱ्या निरोपांचा अभ्यास. विद्यापीठात विभागांच्या पाट्या वेगळ्या असल्यामुळे हा समज होतो. मी तिला उत्तर दिले ते नागपूर-विदर्भात घरोघरी माहीत असलेल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या उदाहरणाने.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोष जन्मतःच असतो, तरीही पहिले काही महिने बाळाला सहसा त्रास होत नाही. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये याचे श्रेय बाळाच्या रक्तातील गर्भकालीन हिमोग्लोबिनला दिले. या हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती विळ्याच्या तंतूंत सामील होत नाही. जन्मानंतर ही साखळी बनवणारे गॅमा जनुक हळूहळू बंद होते. डीएनएचा क्रम तर एका अक्षरानेही बदलत नाही. मग बंद काय होते?

पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या प्रत्येक गोळ्याभोवती १४७ अक्षरजोड्या असतात. हिस्टोनवर धन प्रभार असतो आणि डीएनएवर ऋण, म्हणून ते घट्ट बसतात. हिस्टोनमधल्या लायसिन या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल गट चढला की तिथला धन प्रभार नाहीसा होतो, गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येते. प्रौढ व्यक्तीत बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा जनुकाच्या दाराशी बसते आणि अ‍ॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना तिथे बोलावते. त्याच परिसरात डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल नावाचे छोटे रासायनिक गटही बसतात, आणि पेशी विभागताना एक खास विकर ती खूण नव्या धाग्यावर उतरवून काढते. त्यामुळे जनुकाचे हे मौन पुढच्या पेशीपर्यंत पोहोचते. मिथिलची ही नक्कल रोखणाऱ्या ५-अ‍ॅझासायटिडिन या औषधाने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते, हे १९८२ मध्ये आधी बबून माकडांत आणि नंतर रुग्णात दिसले.

आता सिग्नलिंगकडे येऊ. रक्त कमी झाले की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवते, ते तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशीवरील ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, आत जॅक२ हे विकर जागे होते, ते स्टॅट५ या प्रथिनाला फॉस्फेट लावते आणि स्टॅट५ केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते. म्हणजे बाहेरचा निरोप शेवटी पोहोचतो तो या गुंडाळीपाशीच! सिकलसेलच्या रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषधही, एका प्रस्थापित मतानुसार, नायट्रिक ऑक्साइड आणि सीजीएमपी या निरोप्या रेणूंच्या संकेतमार्गाने गॅमा जनुकाला उठवते. अर्थात, हा निरोप ठरावीक ग्राही, ठरावीक विकर आणि ठरावीक रेणू यांच्याच साखळीतून जातो. ‘सकारात्मक विचारांनी तीन दिवसांत जनुके जागवा’ अशी शिबिरांची पत्रके आपल्या शहरातही वाटली जातात. त्यांच्या आयोजकांनी आपला ग्राही कोणता, हे आधी सांगावे.

बीसीएल११एचा शोध मला फार आवडतो. हजारो लोकांच्या जनुकक्रमांवर संख्याशास्त्र चालवल्यावर २००७-०८ मध्ये या जनुकाकडे बोट गेले, मग पेशीजीवशास्त्रज्ञांनी ते दाबून गॅमा वाढतो हे दाखवले, आणि त्याचा रक्तपेशींपुरता चालणारा स्विच क्रिस्पर या जनुक-कात्रीने मोडणारा उपचार अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. हे काम एका विभागाच्या एका खोलीत झालेच नसते.

युरोपच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएच.डी. योजनेत विद्यार्थी वेगवेगळ्या देशांतील संस्थांशी जोडलेला असतो आणि काही काळ दुसऱ्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत काम करतो. आपल्याकडे २०२२च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संख्याशास्त्र आणि संगणकीय विश्लेषण आग्रहाने घ्यावे, असे मी तिला सांगितले. मुलाखतीला जाताना तिने दोन प्रश्न बरोबर न्यावेत: तुमच्या क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि हिस्टोनच्या गुंडाळीच्या) प्रयोगांची आकडेमोड कोण करते, आणि रक्ताचे नमुने देणाऱ्या रुग्णालयातला डॉक्टर माझा सहमार्गदर्शक होईल का?