विंटेज मनगटी घड्याळे

विंटेज मनगटी घड्याळे : साधारणपणे १९२० ते १९८० या काळात बनलेली, चावीची किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी), नामांकित (बहुतांशी स्विस) कारखान्यांची घड्याळे आणि ती जमवण्याचा छंद. अचूकपणात ही घड्याळे फुटपाथवरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळापुढेही हरतात. दिवसाला पाच-दहा सेकंद मागेपुढे होणे हे त्यांच्या बाबतीत उत्तम प्रकृतीचे लक्षण समजले जाते. तरीही त्यांतल्या काहींना लिलावात कोट्यवधी रुपये मोजले जातात. सोने, हिरे किंवा कारागिरी यांनी ही किंमत थोडीफारच ठरते. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून घड्याळाला कोणाकोणाचे हात लागले आणि कोणाचे लागले नाहीत, यावर ती मुख्यतः ठरते.

खिशातून मनगटावर : एकोणिसाव्या शतकात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना होता. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १८६८ मध्ये हंगेरीच्या एका काउंटेससाठी बनवलेले घड्याळ पहिल्या स्विस मनगटी घड्याळांत धरतात. पुरुषांच्या मनगटावर ते आले ते गरजेपोटी. विमान चालवताना खिशातले घड्याळ काढता येत नाही, अशी तक्रार वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याने केल्यावर जवाहिर लुई कार्तिये याने १९०४ मध्ये त्याच्यासाठी चौकोनी घड्याळ घडवले. खरा बदल मात्र पहिल्या महायुद्धाने घडवला. खंदकातल्या अधिकाऱ्याला तोफखान्याच्या वेळा सांभाळायच्या असत आणि हात मोकळे हवे असत. युद्ध संपले तेव्हा मनगटी घड्याळ बायकी असल्याचा समज उरला नव्हता.

धूळ आणि पाणी हे या घड्याळांचे मोठे शत्रू. हान्स विल्सडॉर्फ याच्या रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये झाकण आणि चावी दोन्ही आट्यांनी घट्ट बसणारी ‘ऑयस्टर’ डबी काढली. पुढच्या वर्षी मर्सिडीझ ग्लाइट्झ या इंग्लिश जलतरणपटूने ते घड्याळ घेऊन इंग्लिश खाडीत उडी मारली आणि त्याची पानभर जाहिरात लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर झळकली. जाहिरातीमागची हकिकत थोडी वेगळी आहे. ग्लाइट्झने खाडी यशस्वीपणे ओलांडली ती त्याआधी, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी. त्या विक्रमावर शंका घेतली गेल्याने ती २१ तारखेला पुन्हा उतरली, आणि रोलेक्स होते ते या दुसऱ्या खेपेला. त्या दिवशी गारठ्यामुळे तिला पोहणे अर्धवट सोडावे लागले. घड्याळ मात्र चालू राहिले. विंटेज घड्याळांच्या दंतकथा बहुतेक अशाच असतात: गाभा खरा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

रिव्हर्सो : भारताशी थेट नाते सांगणारे सर्वांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे जेगर-लेकुल्त्रचे ‘रिव्हर्सो’. सेझार द त्रे हा स्विस व्यावसायिक १९३०-३१ च्या हिवाळ्यात भारतात आला होता. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, असे गाऱ्हाणे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्याकडे केले, असे कंपनी सांगते. परत गेल्यावर त्याने ही अडचण झाक-दाव्हिद लेकुल्त्र याच्यापुढे मांडली. रने-आल्फ्रेद शोवो या अभियंत्याने चौकटीत सरकून उलटी होणारी डबी तयार केली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. घाई इतकी होती की लेकुल्त्रकडे त्या डबीत मावेल असे मशीनच तयार नव्हते. सुरुवातीच्या रिव्हर्सोंत ताव्हान या दुसऱ्या कारखान्याची मशिने बसवली गेली. आज संग्राहक नेमकी हीच घड्याळे शोधतात.

उलटी केल्यावर दिसणारी कोरी धातूची पाठ काचेच्या रक्षणासाठी होती, पण गिऱ्हाइकांनी ती लगेच नावे, बोधचिन्हे आणि चित्रे यांसाठी वापरायला घेतली. १९३० च्या दशकातल्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर भारतीय राजस्त्रीचे मीनाकाम केलेले चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोल घड्याळांची चलती आली आणि रिव्हर्सो विस्मरणात गेले. १९७२ मध्ये जोर्जो कोर्वो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात रिव्हर्सोच्या सुमारे २०० रिकाम्या डब्या पडलेल्या आढळल्या. त्याने त्या विकत घेतल्या, त्यांत मशिने बसवली आणि बघता बघता विकूनही टाकल्या. त्यानंतर कंपनीलाही आपल्या जुन्या घड्याळाची आठवण झाली.

क्वार्ट्झचा तडाखा : २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ साडेचार लाख येनला विक्रीस आणले. त्या काळी तेवढ्यात मोटार येई. पण पुढच्या पंधराएक वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की स्विस घड्याळ उद्योगातली माणसे सुमारे ९०,००० वरून तीसेक हजारांवर आली. कारखान्यांनी जुनी यंत्रे भंगारात काढली, सुट्या भागांचे साठे वजनावर विकले.

ल लोक्ल गावच्या झेनिथ कारखान्यातली गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. झेनिथची मालकी तेव्हा एका अमेरिकन कंपनीकडे होती. १९७५ मध्ये यांत्रिक मशिने बंद करून त्यांची हत्यारे विकून टाकण्याचा आदेश आला. ‘एल प्रिमेरो’ या १९६९ च्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (थांबघड्याळाची सोय असलेल्या) मशीनवर काम केलेल्या शार्ल व्हर्मो या कारागिराने साहेबांना पत्र लिहून पाहिले. उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने साचे, कटर आणि कॅम गुपचूप माळ्यावर नेऊन भिंतीआड दडवले आणि कोणता भाग कुठे ठेवला याची वहीत नोंद केली. १९८० च्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा ती वही आणि तो माळा कामी आला. १९८८ च्या रोलेक्स डेटोनात एल प्रिमेरोचीच सुधारलेली आवृत्ती धडधडत होती.

या पडझडीतूनच संग्रहाचा छंद वाढला. यांत्रिक घड्याळ रोजच्या गरजेतून सुटले, त्यामुळे ते जपण्याजोगे झाले. खिशातल्या जुन्या घड्याळांचा शौक आधीपासून होता. मनगटी घड्याळांना लिलावात मानाचे पान मिळाले ते मात्र १९८० नंतर. १९७४ मध्ये सुरू झालेल्या जिनिव्हाच्या अँटिकोरम या लिलावगृहाने १९८९ मध्ये केवळ पाटेक फिलिपच्या घड्याळांचा लिलाव केला. पुढे पाटेकने स्वतःच आपली जुनी घड्याळे परत विकत घेण्याचा सपाटा लावला आणि २००१ मध्ये जिनिव्हात संग्रहालय उघडले.

नावडती घड्याळे : आज सर्वाधिक भाव खाणारी अनेक घड्याळे त्यांच्या काळात कोणाला फारशी नको होती. रोलेक्सचे ‘डेटोना’ १९६३ मध्ये आले. रोज चावी द्यावी लागे, म्हणून ते दुकानांत पडून राही. त्यातही रंगीत उपतबकड्यांची, चौकोनी टोकांच्या खुणा असलेली तबकडी तर लोकांना विचित्रच वाटे. अभिनेता पॉल न्यूमन हीच तबकडी वापरताना दिसल्याने इटलीतल्या व्यापाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिला त्याचे नाव दिले. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ त्याला पत्नी जोअ‍ॅन वुडवर्डने दिले होते. गाडी जपून चालव, अशी सूचना तिने पाठीवर कोरून घेतली होती. त्याने ते पुढे मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी फिलिप्स या लिलावगृहाच्या न्यूयॉर्कमधील लिलावात ते १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेले.

पाटेक फिलिपच्या ‘१५१८’ क्रमांकाच्या मॉडेलचे गणित याच्याच जवळपासचे. सनातन पंचांग (महिन्यांचे कमीजास्त दिवस आणि लीप वर्षही आपोआप सांभाळणारी तारीख) आणि क्रोनोग्राफ एकत्र असलेले, मालिकेत बनवलेले हे पहिले मनगटी घड्याळ. १९४१ पासून पुढच्या तेरा-चौदा वर्षांत २८१ बनली, त्यांतली बहुतेक सोन्याची. पोलादातली फक्त चार माहीत आहेत, कारण एवढे पैसे मोजणाऱ्याला पोलाद कशाला हवे होते? २०१६ मध्ये त्यांतल्या एकाला जिनिव्हात १ कोटी १० लाख फ्रँकहून अधिक किंमत आली. तोपर्यंत लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला तेवढी किंमत आली नव्हती.

तबकडी : जाणकार घड्याळ हातात घेतो तेव्हा आधी तबकडी पाहतो, मशीन नंतर. मशिनचा भाग बदलता येतो. खराब झालेली तबकडी पूर्ववत होत नाही. घड्याळाच्या किमतीतला निम्म्याहून अधिक वाटा तबकडीचा, असे या बाजारात सर्रास म्हटले जाते.

भिंगाखाली पाहावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कारखान्यातली अक्षरे मऊ शिक्क्याने उठवलेली असतात, त्यामुळे शाई किंचित उंच आणि कडा धारदार दिसतात. अंधारात चमकणारा लेप काळ सांगतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरले जाई, नंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिटियम. ट्रिटियमच्या तबकडीवर तळाशी ‘स्विस’ या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना रोमन ‘टी’ छापलेला असतो. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मे होते, म्हणून १९६५ च्या घड्याळाचे काटे आज झगझगीत उजळले तर ते नंतर बसवलेले समजावे. रेडियमचे उलट आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. लेपातले जस्ताचे संयुग जळून गेल्याने प्रकाश विझतो, किरणोत्सर्ग मात्र तसाच राहतो. अशा घड्याळाची काच घरी उघडून लेप खरवडण्याचा उद्योग कोणी करू नये; ती धूळ श्वासातून शरीरात जाणे घातक आहे.

काही दोषांना वेगळाच मान आहे. काळ्या तबकड्यांचा रंग उन्हाने आणि रसायनाच्या कमअस्सलपणाने तपकिरी होतो. बाजारात त्याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि जास्त पैसे देतात. तोच रंग डागाडागांनी उडाला तर मात्र तबकडी खराब. सीमारेषा कुठे, हे विकणारा आणि घेणारा वेगवेगळे सांगतात.

या हव्यासाचा सर्वांत गाजलेला फटका बसला तो ओमेगा या स्विस कंपनीलाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्सच्या जिनिव्हातील लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले, तपकिरी तबकडीचे ओमेगाचे एक ‘स्पीडमास्टर’ सुमारे ३१ लाख फ्रँकना गेले. अंदाज होता लाखभर फ्रँकचा. ते ओमेगाने आपल्याच संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते आणि या प्रकरणात तिच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. अशा जोडकामाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात.

दुरुस्तीतूनही नुकसान होते, आणि त्यामागे लबाडी असतेच असे नाही. १९७०-८० च्या दशकांत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिलेले घड्याळ नवी तबकडी, नवे काटे आणि चकचकीत पॉलिश होऊन परत येई, आणि मालक खूश होई. त्या पॉलिशने डबीच्या कानांवरच्या (पट्टा अडकवायच्या टोकांवरच्या) तिरक्या कडा कायमच्या गेल्या. नव्या तबकडीने किंमत अर्ध्यावर आणली.

मुंबई : मुंबईचा आणि स्विस घड्याळांचा संबंध जुना आहे. १७३७ चा वारसा सांगणाऱ्या फाव्र-ल्यूबा (बोलीत ‘फेवर ल्यूबा’) कंपनीने १८६५ मध्ये मुंबईत बस्तान बसवले. तिची ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही चावीची घड्याळे पुढे मध्यमवर्गीय घरांत लग्नात जावयाला किंवा निवृत्तीच्या वेळी दिली जात. १९६२ चे ‘बिव्हुआक’ मात्र गिर्यारोहकांसाठी होते. त्यात हवेच्या दाबावरून ३,००० मीटरपर्यंतची उंची दाखवणारा काटा होता. आज संग्राहकांत फाव्र-ल्यूबाचे नाव मुख्यतः त्याच्यामुळे घेतले जाते. ही कंपनी २०११ मध्ये टाटा समूहातल्या टायटनकडे आणि २०२३ मध्ये इथॉस या घड्याळविक्रेत्या कंपनीकडे गेली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी घड्याळे चोरट्या मार्गाने येत. सुटे भाग त्याही मार्गाने मिळत नसत. किनाऱ्यावरच्या दमट हवेने तबकडी काळवंडली की घड्याळजी ती रंगवून घेई, कारण गिऱ्हाइकाला घड्याळ चालू आणि नीटनेटके हवे असे. यात फसवणूक नव्हती. पुढे इंटरनेटवरून विक्री सुरू झाल्यावर हीच कला निर्यातीला लागली. भडक लाल, पोपटी, निळ्या तबकड्यांची, कारखान्याने त्या रंगात कधीच न बनवलेली घड्याळे भारतातून जगभर जाऊ लागली. परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. ती ओळखायला फार अनुभव लागत नाही. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, कंपनीचे नाव जाड आणि किंचित तिरके असते, तळाचे ‘स्विस मेड’ गायब किंवा नको तेवढे मोठे, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलेला, आणि झाकण उघडले की स्क्रूंच्या खाचा पेचकसाने कुरतडलेल्या.

या ओळखीमुळे भारतातून आलेल्या अस्सल घड्याळाकडेही परदेशी गिऱ्हाईक संशयाने पाहते. त्यावर उपाय कागदपत्रांचा. मूळ पावती आणि खोका क्वचितच जपलेला असतो, पण काही कंपन्या मशीनवरच्या क्रमांकावरून जुन्या वह्यांतला उतारा देतात. पाटेक फिलिपच्या उताऱ्यात निर्मितीचे वर्ष, विक्रीची तारीख, डबीचा धातू आणि तबकडीचा प्रकार असतो. घेणाऱ्याचे नाव कंपनी सांगत नाही. लाँजिनच्या नोंदवह्या १८६७ पर्यंत मागे जातात आणि घड्याळ कोणत्या देशातल्या एजंटच्या नावे पाठवले हेही त्यांत सापडते. पण उतारा कारखान्यापुरताच बोलतो. तबकडी नंतर बदलली का, हे भिंगालाच विचारावे लागते.