कॅथीड्रल ऑर्गनवादक व गायकवृंद-संचालक

ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते त्याला कॅथीड्रल म्हणतात. तेथील नळ्यांचा ऑर्गन वाजवणे, कॉयर म्हणजे गायकवृंद घडवणे आणि रोजच्या उपासनेचे संगीत ठरवणे ही इंग्लंडमध्ये परंपरेने एकाच माणसाची जबाबदारी आहे. या पदाचे जुने नाव ‘ऑर्गनिस्ट अँड मास्टर ऑफ द कोरिस्टर्स’; हल्ली अनेक कॅथीड्रलांत ‘डायरेक्टर ऑफ म्युझिक’ असे म्हणतात. हा बदल नुसता नावाचा नाही. पूर्वी पदाधिकारी स्वतः ऑर्गनवर बसत असे. आता तो बहुधा गायकांपुढे उभा राहतो आणि वाजवतो त्याचा सहायक. लहानपणापासून ज्या वाद्यासाठी जीव ओतला, ते वाद्य पेशातली सर्वांत वरची पायरी चढताच बरेचसे दुसऱ्याच्या हाती जाते.

पद जुने आहे आणि त्यावरून होणारे खटकेही जुनेच. रचनाकार विल्यम बर्ड १५६३ मध्ये लिंकन कॅथीड्रलमध्ये रुजू झाला, तेव्हा तो जेमतेम विशी ओलांडलेला होता. १५६९ मध्ये कॅथीड्रलचा कारभार पाहणाऱ्या डीन आणि चॅप्टरने काही तक्रारींवरून त्याचा पगार रोखला. १५७२ मध्ये तो राजदरबाराच्या चॅपल रॉयलमध्ये गेला. चिचेस्टरचा टॉमस वील्क्स हा अव्वल दर्जाचा रचनाकार, पण दारूपायी १६१७ मध्ये त्याला पदावरून काढले. धर्मविधीचा अधिकार धर्मगुरूंकडे आणि संगीताचे ज्ञान वादकाकडे, ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे. वादक कितीही मोठा असला तरी तो नोकरच असतो.

याची सर्वांत जास्त झळ वादक-रचनाकार सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्लीला लागली. १८३२ मध्ये हेरफर्ड, मग एक्सिटर, लीड्सचे पॅरिश चर्च, विंचेस्टर आणि १८६५ पासून १८७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ग्लॉस्टर, असा त्याचा प्रवास. हेरफर्डला एका ईस्टरच्या दिवशी गायला फक्त मुलगे आणि खर्जातला एकच पुरुष हजर होता. तो डीनचा बटलर होता, असे सांगतात. वेस्लीने तेवढ्या आवाजांत बसेल अशी रचना केली आणि ती आजही गायली जाते. १८४९ मध्ये त्याने एक पुस्तिका काढून कॅथीड्रलच्या वृंदात निदान १२ पुरुष हवेतच, अशी मागणी केली. आज ही मागणी साधी वाटते, पण तेव्हा अनेक कॅथीड्रलांत गायकांच्या जागा रिकाम्या असत.

शिक्षणाची जुनी रीत उमेदवारीची होती. शिकाऊ मुलगा करार करून कॅथीड्रलच्या वादकाकडे राही, पडेल ते काम करी आणि ऐकत-वाजवत तयार होई. ग्लॉस्टरला हर्बर्ट ब्रूअरच्या हाताखाली पुढे रचनाकार झालेले हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी असेच शिकले. आता ती जागा ‘ऑर्गन स्कॉलर’ या शिष्यवृत्तीने घेतली आहे: आधी विद्यापीठातल्या एखाद्या कॉलेजच्या चॅपलमध्ये किंवा कॅथीड्रलमध्ये, मग सहायक, मग उपवादक आणि जागा रिकामी झाली तर संचालक. जागा मात्र फार थोड्या. सर आयव्हर ॲटकिन्स वूस्टरला १८९७ ते १९५० आणि हर्बर्ट समशन ग्लॉस्टरला १९२८ ते १९६७ होते. एकेक माणूस इतका टिकला की मागच्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

पदविका देणारी संस्था म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झालेले रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स. तिच्या परीक्षेत नुसते वाजवून भागत नाही. समोर टाकलेली रचना तिथल्या तिथे दुसऱ्या स्वरात न्यायची, अनेक आवाजांची स्वरलिपी एकदम वाचून वाजवायची, दिलेल्या चालीला साथ रचायची, आयत्या वेळी वादन फुलवायचे. ही सगळी रोजच्या कामातली हत्यारे आहेत. मिरवणूक वेदीपर्यंत पोचायला अर्धा मिनिट जास्त लागला, तर तेवढे संगीत वादकाने तेव्हाच निर्माण करायचे असते.

कामाचा खरा कस लागतो तो संध्याकाळच्या उपासनेत, स्तोत्रगायनाच्या वेळी. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात बायबलमधली १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. पंधराव्या संध्याकाळी वाट्याला येते ते ७८वे स्तोत्र, ७०हून अधिक वचनांचे. चाल मात्र अगदी आखूड. साध्या अँग्लिकन चालीत दहाच स्वरसमूह असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. गायक समोरासमोरच्या दोन रांगांत बसून आलटून पालटून वचने गातात. वादकाचे डोळे शब्दांवर खिळलेले असतात. स्तोत्रात समुद्र दुभंगला की तो जाड नळ्या उघडतो, गारा पडल्या की वरच्या सप्तकात टोकदार सूर सोडतो, बेडूक आले की पायपट्ट्यांवर उड्या ऐकू येतात. हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते आणि गायकांना झाकून टाकेल इतके वाजवायचेही नसते. चांगला वादक ओळखायचा तर त्याची मैफल ऐकण्यापेक्षा एखादी साधी संध्याकाळ ऐकावी.

अडचण अंतराचीही असते. ऑर्गन बऱ्याचदा गायकांपासून दूर, गायकांची जागा वेगळी करणाऱ्या उंच पडभिंतीवर असतो. आवाजाला ३४ मीटर कापायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तेवढ्याने ताल मोडतो. म्हणून वादक कानावर भिस्त न ठेवता, पूर्वी आरशात आणि आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर संचालकाचा हात पाहून वाजवतो. स्वतःला जे उशिरा ऐकू येते त्याच्या मागे न जाणे हे शिकायला वर्षे लागतात.

संचालक झाल्यावर चिंता बदलते. मुलांचा वृंद साधारण आठ ते तेरा वर्षांचा. तयार झालेला आवाज फुटतो आणि पुन्हा नवा मुलगा ‘सा’पासून घडवावा लागतो. आवाजाची निवड, शाळेशी आणि पालकांशी बोलणे, महिन्याची संगीतयादी, पैशांचा हिशेब हे सगळे त्याच्याकडे. ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर यांचा तीन वृंदांचा महोत्सव अठराव्या शतकापासून आळीपाळीने भरतो. तिथे यजमान संचालकाला मोठ्या वाद्यवृंदाचेही नेतृत्व करावे लागते. मुलींना हे दार फार उशिरा उघडले: सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींचा वृंद सुरू केला. गिल्डफर्डच्या संगीताची सूत्रे २००८ पासून कॅथरीन डीनेस-विल्यम्स यांच्याकडे आली. इतकी वर्षे निम्मे आवाज बाहेर ठेवून ही परंपरा चालली, हे तिचे मोठेच नुकसान होते.

युरोप खंडात मात्र ही दोन्ही कामे वेगळी राहिली. जर्मनीत ‘डोमकापेलमाइस्टर’ वृंद सांभाळतो आणि ‘डोमऑर्गानिस्ट’ वाद्य. रेगेन्सबुर्गच्या मुलांच्या वृंदाची परंपरा तर ९७५ पर्यंत मागे जाते. फ्रान्समध्ये वृंदाला साथ करणारा छोटा ऑर्गन वेगळा आणि मोठ्या ऑर्गनचा ‘तित्युलेर’, म्हणजे पदावरचा मुख्य वादक, वेगळा. तो आयुष्यभर वाद्याशीच राहतो. जवळजवळ अंध असलेला लुई व्हियेर्न पॅरिसच्या नोत्र-दामला १९०० मध्ये आला आणि २ जून १९३७ रोजी मैफल चालू असताना ऑर्गनवरच कोसळून मरण पावला. त्याच ऑर्गनच्या सुमारे ८,००० नळ्या १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून वाचल्या, पण शिशाच्या धुळीने माखल्या. त्या उतरवून, धुऊन पुन्हा बसवाव्या लागल्या. ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथीड्रल पुन्हा उघडले, तेव्हा आर्चबिशपने ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि आठही वेळा वादकांनी उत्स्फूर्त वादनाने तिला उत्तर दिले.